जुन्या कीबोर्डच्या काही पट्ट्या वाजत नाहीत : दोष नेमका कुठे शोधावा?

तापीकाठ (चोपडा)

आमच्या गावातील भजनी मंडळाकडे ६१ पट्ट्यांचा एक जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. एका ऑर्केस्ट्राकडून तो जुन्यात घेतला होता आणि त्यानंतर हरिनाम सप्ताह, गणपती, कानबाईचे जागरण अशा सगळ्या कार्यक्रमांना तो बिनतक्रार वाजला. यंदाचा उन्हाळा त्याने मंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत काढला. आता बाहेर काढल्यावर त्याच्या काही पट्ट्या मुळीच वाजत नाहीत, तर काही हलक्या हाताने दाबल्या तर गप्प राहतात आणि जोरात दाबल्या तर एकदम दचकवणारा आवाज काढतात. डेमोचे गाणे मात्र अगदी स्वच्छ वाजते.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुरुस्तीवाल्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो न उघडताच "रबर गेले, ते आता मिळत नाही, नवीन घ्या" असे सांगून टाकले. मंडळाची वर्गणी सर्वांना ठाऊकच असते. श्रावण तोंडावर आला आहे आणि त्याआधी हा कीबोर्ड वाजता व्हावा अशी इच्छा आहे. मला सोल्डरिंग जुजबी येते आणि घरी मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करावी, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे.

ओहममीटर (जळगाव)

डेमो स्वच्छ वाजतो, ही तुम्ही दिलेली सर्वांत उपयोगी माहिती आहे. ध्वनी तयार करणारी चिप, अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि वीजपुरवठा हे सर्व ठीक असल्याशिवाय डेमो वाजत नाही. म्हणजे दोष बोट आणि प्रोसेसर यांच्या मधल्या वाटेवर आहे. त्या वाटेवर एकामागोमाग एक अशा मोजक्याच गोष्टी येतात : पट्टीखालचे रबर, त्या रबरावरचा कार्बनचा काळा ठिपका, बोर्डावर छापलेला कार्बनचा संपर्क, एक छोटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), तांब्याची रेघ आणि शेवटी मुख्य बोर्डाकडे जाणारी चपटी केबल. "रबर गेले" हे यांपैकी एकाच गोष्टीविषयी न पाहता केलेले विधान आहे.

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी दोन कामे करावीत. पहिले काम सेटिंग तपासण्याचे. ऑटो अकम्पनिमेंट (आपोआप वाजणारी साथ) चालू राहिले असेल तर डाव्या बाजूच्या पट्ट्या केवळ कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) ओळखण्यासाठी राखून ठेवल्या जातात आणि एकेकटी पट्टी दाबल्यास काही मॉडेलांत आवाजच येत नाही. मिडी (कीबोर्ड संगणकाशी किंवा दुसऱ्या वाद्याशी जोडण्याची सोय) या मेनूतील "लोकल कंट्रोल" बंद झाले असेल तर डेमो वाजतो, पण एकही पट्टी वाजत नाही. फार जुन्या कीबोर्डांत एका वेळी आठच स्वर वाजू शकत असत, त्यामुळे अनेक पट्ट्या एकत्र दाबून चाचणी घेतल्यास चांगल्या पट्ट्याही मृत वाटतात. तेव्हा अकम्पनिमेंट बंद, स्प्लिट (दोन हातांना दोन आवाज) बंद, ड्युअल (दोन आवाज एकत्र) बंद आणि आवाज साध्या पियानोचा, अशा स्थितीत प्रत्येक पट्टी एकेकटी दाबून पाहावी.

दुसरे काम कागदाचे. डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून काळ्या-पांढऱ्या अशा सर्व पट्ट्यांना १ ते ६१ क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकीपुढे "ठीक", "मुकी", "जोर लागतो" किंवा "एकदम मोठी" यांपैकी एक शेरा लिहावा. हा तक्ता येथे द्या. कंटाळवाणे काम आहे, परंतु माझ्या मते या दुरुस्तीतील अर्धी बुद्धी याच कागदात खर्च होते; उरलेले काम हाताचे आहे.

काळी चार (भुसावळ)

ओहममीटर भाऊंशी सहमत. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि आमच्याकडे बहुतेक जण पट्टी वाजेना की आधी त्यावर थापा मारतात, मग फटीतून काहीतरी फवारतात आणि शेवटी उघडतात. क्रम नेमका उलटा हवा. आपल्या भागातील कीबोर्डांना दोन गोष्टींचा त्रास अधिक होतो असे माझे निरीक्षण आहे. एक म्हणजे धूळ. ज्या घरात कापूस साठवलेला असतो तेथे तंतू आत शिरतात, आणि धाब्याच्या घरात छताची माती वर्षभर बारीक झरत असते. दुसरे म्हणजे ऊन. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. अशा उष्णतेत जुने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि तारेचे जोड दिवसा ताणले जाऊन रात्री आक्रसतात. त्यामुळे तापीकाठ यांनी सांगितलेली पत्र्याची खोली मला संशयास्पद वाटते.

तापीकाठ (चोपडा)

तक्ता तयार केला. अकम्पनिमेंट बंद करून, पियानोच्या आवाजात, एकेक पट्टी दाबून पाहिली. पेटीच्या बोलीत सांगतो, म्हणजे सर्वांना कळेल; पांढरी दोन म्हणजे सप्तकातील डावीकडून दुसरी पांढरी पट्टी.

पूर्ण मुक्या पट्ट्या : पहिल्या सप्तकात पांढरी दोन आणि काळी पाच, दुसऱ्या सप्तकात फक्त काळी तीन, तिसऱ्यात पुन्हा पांढरी दोन आणि काळी पाच, चौथ्यात काळी तीन, पाचव्यात पांढरी दोन आणि काळी पाच. क्रमांकाने ३, ११, १९, २७, ३५, ४३, ५१ आणि ५९.

त्रास देणाऱ्या पट्ट्या : मधल्या सप्तकात पांढरी तीन, पांढरी चार आणि पांढरी पाच, म्हणजे २९, ३० आणि ३२. यांपैकी २९ आणि ३२ यांना जोर लागतो, आणि ३० वाजलीच तर कायम पूर्ण आवाजात वाजते.

बाकी सर्व ठीक आहेत. मुक्या पट्ट्या साऱ्या कीबोर्डभर विखुरलेल्या असल्यामुळे आत सर्वत्र घाण गेली असावी, असा माझा अंदाज आहे.

ओहममीटर (जळगाव)

हा तक्ता पाहून फार बरे वाटले, कारण त्यात एक नव्हे तर एकमेकांशी संबंध नसलेले दोन दोष स्वच्छ दिसत आहेत. मुक्या पट्ट्या विखुरलेल्या नाहीत. त्यांचे क्रमांक पुन्हा वाचा : ३, ११, १९, २७… प्रत्येक वेळी आठाचे अंतर आहे. घाण इतकी हिशेबी नसते.

कारण असे. ६१ पट्ट्यांसाठी प्रोसेसरकडे ६१ स्वतंत्र तारा नेणे परवडत नाही, म्हणून पट्ट्यांची जाळी केलेली असते. आठ उभ्या आणि आठ आडव्या रेघा घेतल्या की ६४ छेदबिंदू मिळतात आणि त्यांत ६१ पट्ट्या बसतात. प्रोसेसर एका बाजूच्या रेघांवर आळीपाळीने सूक्ष्म स्पंद पाठवतो आणि दुसऱ्या बाजूच्या रेघांवर तो कुठे पोहोचला हे वाचतो. हा फेरा इतक्या वेगाने चालतो की वाजवणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. सामान्य मांडणीत पहिल्या आठ पट्ट्या एका रेघेवर, पुढच्या आठ दुसऱ्या रेघेवर आणि प्रत्येक गटातील "तिसरी" पट्टी एका सामाईक आडव्या रेघेवर असते. केळीच्या बागेत ठिबकची एक नळी चोंदली की तिच्यावरची तेवढी झाडे सुकतात आणि शेजारची ओळ हिरवी राहते, त्यातलाच हा प्रकार आहे. तुमची प्रत्येक गटातील तिसरी पट्टी मेली आहे, म्हणजेच ती एक सामाईक रेघ कुठेतरी तुटली आहे. आठही पट्ट्यांची रबरे एकाच वेळी आणि एवढ्या शिस्तीत खराब होणे शक्य नाही.

संगीत जाणणाऱ्यांसाठी यात एक सोपी खूण आहे. आठ-आठ अर्धस्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून आठ-आठ पट्ट्या, वर चढत गेले की तिसऱ्या उडीनंतर तोच स्वर दोन सप्तके वर पुन्हा येतो. म्हणून आठाच्या जाळीतील एक सामाईक रेघ तुटली की पांढरी दोन, काळी तीन आणि काळी पाच यांच्यासारखे तीनच स्वर कीबोर्डभर फिरून फिरून मृत आढळतात. पाश्चात्त्य संगीतात या तीन स्वरांच्या संचाला ऑग्मेंटेड कॉर्ड म्हणतात. जाळी सहाच्या गटांची असेल तर दोनच स्वर आलटून पालटून जातात, उदाहरणार्थ पांढरी एक आणि काळी तीन. बाराच्या गटांची असेल तर प्रत्येक सप्तकातील तोच एक स्वर जातो. आणि दुसऱ्या बाजूची रेघ तुटली असेल तर लागोपाठच्या आठ पट्ट्यांचा सलग पट्टाच बंद पडतो.

२९, ३० आणि ३२ यांची गोष्ट निराळी आहे. त्या मधल्या सप्तकात आहेत, शेजारी आहेत, आणि भजनात सर्वाधिक वापर त्याच भागाचा होतो. तेथे घाण किंवा झीज हेच कारण संभवते. ३० क्रमांकाविषयी थोडे अधिक सांगतो. टच रिस्पॉन्स (स्पर्शानुसार लहान-मोठा आवाज) असलेल्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा, आणि या दोहोंमधील क्षणभराच्या अंतरावरून पट्टी किती वेगाने दाबली गेली हे प्रोसेसर ठरवतो. अंतर जितके कमी तितका आवाज मोठा. पहिला संपर्क घाणीमुळे उशिरा जुळला की तो दुसऱ्याच्या जवळजवळ बरोबरच जुळतो, आणि हलका स्पर्शही प्रोसेसरला घणाघाती वाटतो. मिडीची सोय असेल तर संगणकावर हे आकड्यांत पाहता येते : स्पर्शाचे मूल्य १ ते १२७ असे असते आणि अशी पट्टी कशीही दाबली तरी १२७ च्या आसपासच राहते.

पांझराकाठी (धुळे)

सर्व वाचले. शास्त्र योग्यच आहे, पण सामान्य माणसाने एवढ्या खोलात जावे का, असा प्रश्न पडतो. माझा अनुभव असा की उघडून रबरावरच्या काळ्या ठिपक्यांवर मऊ शिसपेन्सिल घासली किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गोल कापून चिकटवला की पट्टी वाजू लागते. टीव्हीच्या रिमोटला आपण सगळे हेच करतो.

ओहममीटर (जळगाव)

रिमोटला चालते हे खरे आहे, आणि पेन्सिलीला माझा तत्त्वतः विरोध नाही, कारण ग्रॅफाइट हाही कार्बनच. मात्र तो थर कोरडा आणि सुटा असतो. वाजवताना त्याची भुकटी उडते आणि ती शेजारच्या संपर्कावर बसली तर न दाबलेली पट्टी वाजण्याचा नवा आजार जडतो. एका रात्रीच्या कार्यक्रमापुरता उपाय म्हणून ठीक.

चांदीच्या कागदाचे मात्र मी समर्थन करणार नाही. रिमोटचे बटण केवळ "दाबले" एवढेच सांगते, तर कीबोर्डची पट्टी "किती वेगाने दाबली" हेही सांगते. कागदाच्या जाडीने एक संपर्क दुसऱ्याच्या आधी जुळू लागला की ते गणित बिघडते. शिवाय धातूची कडा बोर्डावर छापलेला कार्बन खरवडते, आणि रबर निदान बदलता तरी येते, बोर्डावरचा तो थर घरी पुन्हा छापता येत नाही. मुख्य म्हणजे तापीकाठ यांच्या आठ मुक्या पट्ट्यांना यांपैकी कशाचाही उपयोग होणार नाही. त्यांची रबरे बहुधा उत्तम आहेत.

काळी चार (भुसावळ)

उघडण्याविषयी मी लिहितो, कारण हे काम वारंवार करावे लागते.

अॅडॉप्टर काढावा आणि मागचे सेलही काढावेत. ज्या मोठ्या कीबोर्डांना घरातील विजेची वायर थेट लागते त्यांच्या आत २३० व्होल्टचा भाग असतो; तसा असेल तर तो भाग जाणकाराशिवाय कोणी हाताळू नये. अॅडॉप्टरवर चालणाऱ्याची ती भीती नाही. खाटेवर जाड गोधडी घालून कीबोर्ड पालथा ठेवावा. खालचे स्क्रू काढताना ते एकाच वाटीत टाकू नयेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या झाकणाला फोड येतो. मी एका पुठ्ठ्यावर कीबोर्डची आकृती काढतो आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवतो. झाकण उचलताना झटका देऊ नये; स्पीकरच्या वायरी बहुधा त्याच झाकणाला जोडलेल्या असतात. प्रत्येक केबल काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा.

बऱ्याच मॉडेलांत पट्ट्या सुट्या नसतात. पांढरी एक, तीन, पाच आणि सात या चार पट्ट्या एका तुकड्यात, पांढरी दोन, चार आणि सहा दुसऱ्या तुकड्यात आणि काळ्या पट्ट्या तिसऱ्या तुकड्यात ओतलेल्या असतात व ते तीन तुकडे एकावर एक बसतात. त्यामुळे एकच पट्टी उपसून काढण्याचा प्रयत्न करू नये. ती मुळापाशी तुटते आणि मग खरोखरच नवा कीबोर्ड घ्यावा लागतो. अनेकदा पट्ट्या तशाच ठेवून खालून फक्त संपर्काचा बोर्ड सोडवता येतो. तो मार्ग असेल तर तोच घ्यावा.

गोमाई (शहादा)

एक शंका. गंज सुटण्यासाठी आपण जो तेलकट स्प्रे वापरतो तो संपर्कांवर मारला तर चालेल का? आणि सॅनिटायझरने पुसले तर?

ओहममीटर (जळगाव)

दोन्ही नको. तेलकट स्प्रे मागे पातळ थर सोडतो, त्यावर धूळ चिकटते आणि काही प्रकारांनी रबर फुगते. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असते; ग्लिसरीन वाळत नाही. रॉकेल, पेट्रोल, थिनर हे तर रबराचे आणि प्लॅस्टिकचे शत्रूच आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, शक्यतो ९९ टक्के. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात आणि त्यांच्याकडे ते असतेच. जळगावात गोलाणी मार्केटला गेलात तर विचारून पाहा. ते चटकन पेट घेते, म्हणून उदबत्ती, समई किंवा गरम सोल्डरिंग गन जवळ असताना बाटली उघडू नये.

इअरबड त्यात किंचित ओला करून बोर्डावरचा काळा संपर्क एकाच दिशेने एक-दोनदा हलकेच पुसावा. बडावर करडी छटा येणे स्वाभाविक आहे. बड काळाकुट्ट येऊ लागला तर घाणीबरोबर कार्बनही निघत आहे असे समजून तेथेच थांबावे. रबराच्या ठिपक्याला त्याहूनही हलका हात हवा. रबर फारच मळले असेल तर ते काढून साबणाच्या कोमट पाण्यात हलवावे, साध्या पाण्याने खळखळून धुवावे आणि सावलीत पूर्ण वाळवावे, उन्हात नव्हे. नंतर ठिपक्यांना बोट लावू नये, कारण बोटाचे तेल पुन्हा तेच काम करते.

शिरपूरकर

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. आमच्या मुलीच्या कीबोर्डचा उजवीकडचा जवळजवळ निम्मा भाग बंद आहे. आठाचा हिशेब त्याला लागत नाही. डावीकडचा भाग उत्तम वाजतो.

ओहममीटर (जळगाव)

तुमचे काम बहुधा सर्वांत सोपे निघेल. ६१ पट्ट्यांचा संपर्क-बोर्ड एवढा लांब असतो की तो अनेक मॉडेलांत दोन तुकड्यांत बनवतात आणि दोन तुकडे एका चपट्या केबलने जोडतात. मधूनच सगळे बंद म्हणजे ती केबल सुटली आहे किंवा तिचा जोड उखडला आहे. मुलीचा कीबोर्ड कधी पडला होता का, हे विचारून पाहा. रागावू मात्र नका.

तापीकाठ (चोपडा)

कीबोर्ड उघडला. मधल्या सप्तकाच्या रबराखाली करड्या मातीचा थर आणि कापसाचे बारीक तंतू निघाले. कडेला झुरळाची अंडीही होती. मात्र मुक्या पट्ट्यांखालची रबरे खरोखर स्वच्छ आहेत आणि त्यांचे काळे ठिपके तुकतुकीत दिसतात. मल्टिमीटर ठिपक्यावर टेकवला तर १५० ओहमच्या आसपास दाखवतो, तर ३० क्रमांकाचा एक ठिपका काही हजार ओहम दाखवतो. आता ती तुटलेली रेघ कशी शोधावी? बोर्ड तपकिरी रंगाचा असून त्यावर रेघांचे नुसते जंगल आहे.

ओहममीटर (जळगाव)

ओहमचा फरक अगदी बोलका आहे. शे-दोनशे ओहम म्हणजे ठिपका निरोगी. हजारांत गेला की प्रोसेसरला दाब ओळखणे कठीण होते.

रेघ शोधताना बोर्डभर फिरण्याची गरज नाही, पुन्हा तक्त्याकडे पाहा. रेघ मध्येच तुटली असती तर तुटीच्या अलीकडच्या पट्ट्या वाजल्या असत्या आणि पलीकडच्याच मेल्या असत्या. उदाहरणार्थ ३, ११, १९ जिवंत आणि २७ पासून पुढच्या मृत असत्या तर १९ आणि २७ यांच्यामध्ये बोर्डाला तडा शोधावा लागला असता. तुमच्या आठही मृत आहेत. म्हणजे तूट पहिल्या फाट्याच्याही आधी आहे : मुख्य बोर्डाकडून येणारी चपटी केबल, तिचे दोन टोकांचे जोड, किंवा जोडापासून पहिल्या फाट्यापर्यंतची बोटभर रेघ.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असल्यास बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. एक टोक ३ क्रमांकाच्या पट्टीच्या रेघेवर, डायोड असल्यास त्याच्या रेघेकडच्या पायावर टेकवा आणि दुसरे टोक केबलच्या संपर्क-बोर्डाकडील प्रत्येक जोडावर फिरवा. एका जोडावर बीप येईल. तीच तुमची सामाईक रेघ. मग त्याच तारेचे मुख्य बोर्डाकडील टोक तपासा. तपासताना केबल हलकेच वर-खाली हलवा, कारण अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना बीप देते आणि हलवल्यावर गप्प होते. पट्ट्या मुक्या आहेत, पूर्ण आवाजात अडकलेल्या नाहीत, हेही लक्षात ठेवा. दोन संपर्कांसाठी बहुधा दोन वेगळ्या सामाईक रेघा असतात, आणि त्यांपैकी एकच तुटली तरी अनेक मॉडेलांत पट्टी बोलत नाही. तेव्हा दोन्ही तपासा.

काळी चार (भुसावळ)

एक सूचना जोडतो. बोर्डावर काही रेघा तांब्याच्या नसून कार्बनच्या छापलेल्या असतात. त्या काळ्या आणि मॅट दिसतात. त्यांवर सोल्डर बसत नाही आणि गन टेकवली तर रेघ जळून जाते. अशी रेघ तुटली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना जेथे तांबे लागते तेथून तेथपर्यंत बारीक वायर टाकावी.

तापीकाठ (चोपडा)

दोष सापडला. केबलची एक तार संपर्क-बोर्डाच्या जोडापाशी आवरणाच्या आतच तुटली होती. वरून काहीही दिसत नव्हते. केबल जशी होती तशी असताना बीप येत होता, आणि ती तार चिमट्याने किंचित उचलताच बंद होत होता. शेजारच्या तारा ठीक आहेत, पण त्यांचेही आवरण कडक झाले आहे. आता फक्त तीच तार पुन्हा जोडावी, की सगळी केबल बदलावी?

ओहममीटर (जळगाव)

कीबोर्डचे वय आणि पत्र्याची खोली लक्षात घेता मी सगळी केबल बदलण्याच्या बाजूने आहे, पण ती फार मोठी असेल आणि हात बसलेला नसेल तर एकाच तारेची दुरुस्ती अधिक शहाणपणाची ठरेल. तपकिरी बोर्डावरचे तांबे जास्त वेळ तापवले की सालीसारखे उचलले जाते. टोक दोन मिलिमीटर सोलून आधी त्यालाच सोल्डर चढवा, जुना जोड मोकळा करा आणि मग दोन सेकंदांत डाग द्या. तार आखूड पडत असेल तर ओढून ताणू नका, मध्ये बारीक लवचीक वायरचा तुकडा घाला. शेवटी केबल बोर्डापासून जेथे वळते तेथे गरम गोंदाचा एक थेंब ठेवला म्हणजे पुढचा ताण जोडावर येत नाही.

तापीकाठ (चोपडा)

एकच तार जोडली, तुकडा घालून. आठही पट्ट्या एकदम वाजू लागल्या, टच रिस्पॉन्ससह. मंडळातील ज्येष्ठांनी लगेच "रूप पाहता लोचनी" धरले, ते थांबवून उरलेल्या तीन पट्ट्यांकडे वळावे लागले. आयपीएने पुसल्यावर २९ आणि ३२ पूर्ववत झाल्या. ३० मात्र अजूनही मोठ्यानेच वाजते. तिचा ठिपका पुसूनही हजारांतच आहे. बोर्डावरचा संपर्क चांगला दिसतो.

काळी चार (भुसावळ)

मग तो ठिपका झिजला आहे. यावर ऑर्केस्ट्रावाल्यांची जुनी युक्ती अशी : रबर सहसा सप्तकाच्या लांबीच्या तुकड्यांत येते आणि तुकड्यांचे माप सारखे असेल तर त्यांची अदलाबदल करता येते. मधल्या सप्तकाचा तुकडा सर्वांत वरच्या सप्तकात टाकावा आणि वरचा, जो जवळजवळ कोरा असतो, तो मधे आणावा. तुकडे एकमेकांशेजारी ठेवून भोके आणि ठिपके तंतोतंत जुळतात याची आधी खात्री करा, कारण टोकाचा तुकडा कधी कधी एका पट्टीने लांब असतो. बसवताना रबराच्या खालच्या शेपट्या बोर्डाच्या भोकांत पूर्ण उतरल्या पाहिजेत. त्या टोकदार वस्तूने ढकलू नयेत, रबर फाटते. वापरून बोथट झालेली रिफिल चांगली. एखादी शेपटी वर राहिली तर ती पट्टी जड लागते किंवा न दाबताच वाजत राहते.

पांझराकाठी (धुळे)

ही अदलाबदल मला पटली. पेन्सिलीचा आग्रह मी मागे घेतो असे नाही, परंतु येथे तिची गरज नाही हे मान्य.

शिरपूरकर

आमच्याकडचे सांगायचे राहिले. दोन बोर्डांमधली केबल तिच्या खाचेतून एका बाजूने वर आली होती. काढून, टोक पुसून, पुन्हा सरळ बसवली आणि उजवा भाग वाजू लागला. मुलीला काहीही विचारले नाही.

ओहममीटर (जळगाव)

उत्तम. आता सर्वांसाठी एक गोष्ट, कारण दुरुस्तीनंतर घाईत हाती लागेल तो अॅडॉप्टर लावला जातो. जुन्या कॅसिओ कीबोर्डांपैकी बहुतेकांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनीचा मध्यभाग ऋण असतो; यामाहाच्या बहुतेक कीबोर्डांना १२ व्होल्ट लागतात आणि मध्यभाग धन असतो. पिन दोन्हीकडे बसू शकते, म्हणून बसली एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कीबोर्डच्या सॉकेटजवळ छापलेली छोटी आकृती अॅडॉप्टरवरच्या आकृतीशी जुळवून पाहा. आणि तो पुन्हा वर्षभर ठेवायचा असेल तर सेल आत ठेवू नका. गळलेले सेल तांबे खातात.

तापीकाठ (चोपडा)

रबरांची अदलाबदल झाली. वरचा तुकडा खरोखरच एका पट्टीने लांब निघाला, म्हणून त्याऐवजी खालून दुसऱ्या सप्तकाचा तुकडा मधे आणला आणि मधला तेथे दिला. आता ३० हलक्या हातालाही हलकीच वाजते. दोष १८ क्रमांकाच्या पट्टीकडे गेला आहे, परंतु आमच्या भजनात तेथे डावा हात क्वचितच जातो आणि गेला तरी टाळ-मृदंगात तो आवाज लपतो. झिजलेल्या ठिपक्यासाठी कार्बनचा रंग मिळतो असे वाचले आहे. तो मिळाल्यास याच धाग्यावर कळवीन. अॅडॉप्टर पाहिला, आकृती जुळते. कीबोर्ड आता पत्र्याच्या खोलीत न ठेवता सभामंडपातील लाकडी पेटीत, कापडी पिशवीत घालून ठेवण्याचे मंडळाने मान्य केले आहे. पेटीची किल्ली कोणाकडे राहावी यावर मात्र अद्याप एकमत झालेले नाही.